कुंकळ्ळीचा क्रोध व ईश्वराची सहनशीलता

योना प्रवक्त्याची कथा ख्रिस्ती शास्त्रात प्रसिद्ध आहे. निनवे नगरीचा नाश होणार, असे त्याने जाहीर केले. परंतु नगरवासीयांस पश्चात्ताप झाला आणि ईश्वराने शिक्षा मागे घेतली. त्यामुळे योनाच संतापला! एवढ्या मोठ्या नगरीची आपण कीव करू नये काय, अशा आशयाचा प्रश्न ईश्वर त्यास करतो आणि तेथेच तो ग्रंथ संपतो. मानवाचा क्रोध व ईश्वराची सहनशीलता यांतील हा वाद गोमंतकाच्या इतिहासातही एकदा उभा राहिला होता.

साष्टीतील बहुसंख्य देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली पाडली. कुंकळ्ळी व आसपासच्या गावांनी कर नाकारला, देवळे पुन्हा उभारली. त्यांवर फौजा चालून आल्या; फौजेबरोबर धर्मगुरूही होते. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहावयास रुदोल्फ आक्वाविवा आदी पाच जेझुइट कुंकळ्ळीस आले असता गावकऱ्यांनी त्यांस ठार मारले. सोबतच्या पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक उचलली, तेव्हा पाशेको या धर्मगुरूंनी त्यास आवरले, असे जेझुइट वृत्तांत सांगतात. मरणाऱ्यांनी धीर राखला; सूड घेतला तो राज्यकर्त्यांनी. गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली. ते सोळा होते व त्यांतील एक निसटला, अशी परंपरा आहे.

न्यायालयात वावरणाऱ्या आम्हांस या प्रकरणी एक गोष्ट विशेष जाणवते. आरोप नाही, बचाव नाही, निकाल मात्र आधीच ठरलेला! क्रोधाला विलंब सोसवत नाही, हेच त्याचे लक्षण होय. उलट ईश्वराची सहनशीलता म्हणजे पापास संमती नव्हे. पाप्यास परतण्यासाठी दिलेली ती मुदत होय, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. ख्रिस्ताच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी ती मुदत कुंकळ्ळीकरांस दिली नाही.

त्या वेळी साष्टीतच थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट होते. १५७९ साली ते गोव्यास आले होते. मृतांची शवे मिळविण्यात त्यांचा हात होता. पुढे त्यांनी आयुष्याचा बराच काळ याच भूमीत घालविला, येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. त्यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या छत्राखालीच त्यांचे कार्य चालले, हे विसरून चालणार नाही. तथापि ओवी रचावयास ऐकणाऱ्याची भाषा शिकावी लागते, त्यास वर्षे लागतात; तलवारीला तेवढा धीर कधीच नसतो.

मारल्या गेलेल्या जेझुइटांस चर्चने १८९३ साली धन्य घोषित केले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास नांदते आहे, आणि कुंकळ्ळीत त्या गावप्रमुखांचेही स्मारक उभे आहे. दोन्ही बाजूंच्या मृतांपुढे आदराने मस्तक लवविणे एकाच मनास शक्य आहे काय? योनाने उत्तर दिले नाही. आम्हांस मात्र ते द्यावे लागेल.