बडोद्यात नोकरी मिळाली, खोली मिळाली नाही

गायकवाडांच्या राज्याबरोबर आपले पूर्वज बडोद्यात आले. कोणी फौजेतून आले, कोणी दफ्तरात कारकून म्हणून, कोणी देवळाच्या पूजेअर्चेसाठी. परक्या मुलखात आपल्याला घर, शाळा आणि मान मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या अभिमानाशेजारी १९१७ सालची एक हकीकतही आपण ठेवली पाहिजे.

सयाजीराव महाराजांनी (तिसरे) अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते येथे रुजू झाले.

नोकरी होती, पण राहायला जागा कोणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असे बजावून गेला. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही नाही म्हटले. मग ते कमाटीबागेत येऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पुढे आपल्या आठवणींत त्यांनी हे सारे लिहून ठेवले.

त्या दिवशी शहरात मराठी वाड्यांना काही तोटा नव्हता. तेही मराठीच बोलत होते आणि आपल्या पूर्वजांप्रमाणे पोटापाण्यासाठीच येथे आले होते. महाराज शिष्यवृत्ती देऊ शकले, नोकरी देऊ शकले. पण घराची कडी घरमालकाच्याच हातात होती.

आज आपल्यापैकी अनेकजण घरमालक आहेत. विद्यापीठात शिकायला आणि कारखान्यांत कामाला दूरदूरची मुले येथे येतात. खोली विचारायला आलेल्याचे आपण प्रथम आडनाव विचारतो का? मंडळातर्फे वह्या आणि शिष्यवृत्त्या वाटणे चांगलेच आहे, पण तेवढ्याने आपले काम संपत नाही.

कमाटीबागेतल्या त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. यंदा विसर्जनानंतर एक दिवस मुलांना तेथे घेऊन जाऊ, आणि ही हकीकत आपणच त्यांना सांगू.