भट्टीजवळची जागा

या आठवड्यात विट्यात थंडी पडलीय. सकाळी चहाच्या गाड्यावर कानटोप्या दिसायला लागल्यात. मीही स्वेटर घालून बाहेर पडलो तर थोरले चुलते ओट्यावरून हसले. "ही कसली रं थंडी? थंडी बघायची तर अमृतसरला जा."

चुलते गलाईवाले. खानापूर-आटपाडीकडच्यांना हे समजावून सांगायला नको, बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी, मोड, दुकानातला केर घ्यायचा, तो गाळून शुद्ध धातू काढून द्यायचा, हा धंदा. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात आपल्याकडचा माणूस भेटतो. गलाईचा विषय निघाला की आपण बंगले, गाड्या आणि जत्रेतल्या देणग्यांवरच बोलतो. पहिल्या हिवाळ्यावर कुणी लिहीत नाही. मीही वीस वर्षं लिहिलं नाही.

माणसं गेली ती पाऊस नव्हता म्हणून. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात चुलते दुष्काळी कामावर खडी फोडत होते, वय सोळा. पुढच्या वर्षी गावातल्या एका गलाईवाल्यानं हाताखाली पोरगा पाहिजे म्हणून नेलं. किर्लोस्करवाडीला गाडी धरून पुणे, मग मुंबई आणि तिथून फ्रंटियर मेल. ही गाडी १९२८ साली सुरू झाली तेव्हा पेशावरपर्यंत जायची. फाळणीनंतर ती अमृतसरला थांबायला लागली. आता तिचं नाव गोल्डन टेंपल मेल. ट्रंकेत दोन पैरणी, जोंधळ्याचं पीठ आणि एक घोंगडं. माणदेशी घोंगडं म्हणजे आमच्या लेखी थंडीवरचा शेवटचा शब्द.

अमृतसरला जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान चार अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडं पारा दहाच्या खाली गेला की बातमी होते. पण चुलत्यांना त्रास रात्रीचा नव्हता, दिवसाचा होता. आपल्याकडं कितीही गारठा असला तरी नऊ वाजता ऊन येतं, माणूस भिंतीला पाठ लावून बसतो. तिकडं धुक्यात चार-चार दिवस सूर्यच दिसत नाही. भिंत गार, भांडं गार, अंथरूण ओलं लागतं. घोंगडं पहिल्याच आठवड्यात हरलं. गुरु बाजाराजवळच्या एका सरदारजीनं जुनी रजई दिली आणि अंगाला सरसूचं तेल चोळायला शिकवलं. पुढं दरवर्षी गावी येताना लुधियानाचे स्वेटर यायला लागले. आमच्या शाळेच्या जुन्या फोटोत ते ओळखू येतात, विट्याच्या उन्हाला न शोभणारे.

उत्तरेच्या थंडीनं आपल्या माणसांना गाठायची ही पहिलीच वेळ नव्हती म्हणा. सदाशिवरावभाऊंचा तळ पानिपतावर पडला नोव्हेंबर १७६० मध्ये, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. म्हणजे तिथला सगळा कडाका दख्खनच्या माणसांनी उघड्यावर, अर्धपोटी काढला. आपण संक्रांतीला लढाई आठवतो, ते अडीच महिने आठवत नाही.

आता मुद्द्याचं. सोनं शुद्ध करताना त्यात चांदी मिसळून वितळवतात आणि मग ते तेजाबात टाकतात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. त्यावेळी तपकिरी धूर निघतो, छातीला लागणारा. त्यासाठी दार-खिडकी उघडी पाहिजे. आणि थंडी म्हणते दार लाव. दुकान तेच घर, दहा बाय दहाची खोली, त्यात चार-पाच जण झोपायचे. भट्टीजवळची जागा मालकाची किंवा सगळ्यात जुन्या कामगाराची. नवा पोरगा दाराशी.

चुलत्यांच्या तिसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या तालुक्यातली दोन पोरं खोलीत गेली. कोळशाची शेगडी पेटती ठेवून, दाराच्या फटीत पोती कोंबून झोपली होती. गावाला तार आली. "थंडीनं गेली" असं सगळे म्हणाले, अजूनही म्हणतात. पण ती थंडीनं गेली नाहीत. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. हे "थंडीनं" म्हणून नोंदवलं की कुणाची चूक राहत नाही. मालक सुटतो, आणि पुढच्या पोराला कुणी सांगतही नाही.

सरकारी इतिहासात या धंद्याच्या तारखा सापडतात. १९६३ चं सुवर्ण नियंत्रण आणि चौदा कॅरेटची सक्ती, १९६८ चा कायदा, १९९० ला तो रद्द. त्या प्रत्येक वळणावर आपल्याकडची माणसं कशी तगली यावर एक पुस्तक होईल. त्या दोन पोरांची मात्र कुठं ओळही नाही. त्यांच्या घरच्यांना त्रास नको म्हणून मीही नावं लिहीत नाही.

टेंभूचं पाणी आलं, आटपाडीला डाळिंबं झाली, तरी पोरं जातातच. माझा पुतण्या यंदा तिकडंच आहे, पहिलाच हिवाळा. परवा त्यानं फोटो पाठवला. मागं शटर बंद, पायाशी लालबुंद शेगडी, पोरं रजईत हसतायत. खाली लिहिलंय, 'काका, मस्त ऊब आहे'.

मी लगेच फोन लावला. चुलत्यांनी माझ्या हातातून घेतला आणि पहिलंच विचारलं, "शटर किती उघडं हाय?"