अधांतरी लोखंडाचं कूळ

जाम गावच्या चौकातून महामार्ग पुढे हिंगणघाटला जातो. हा सगळा पट्टा कापसाचा. विदर्भातल्या याच कापसाच्या भरवशावर जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हाच्या गिरण्या वाफेवर चालत. इंजिनाचा वेग हलला की सूत बिघडे, म्हणून इंजिनावर गव्हर्नर असे. वेग वाढला की त्याचे दोन फिरते गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आवळत. वेग उतरला की गोळे खाली येत आणि झडप मोकळी होई. पवनचक्कीतली ही युक्ती जेम्स वॉटने 1788 मध्ये इंजिनाला लावली. चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीचं कूळ मी इथून मोजतो, चुंबकापासून नाही.

काही तरंगत ठेवणं हे नुसत्या चुंबकाचं कामच नव्हे. सॅम्युएल अर्नशॉने 1842 मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून निघतं ते हे: स्थिर चुंबक कसेही रचा, लोखंडाची गोळी हवेत ठरणार नाही. गोळीच्या वर विद्युतचुंबक धरला, तर त्याच्याकडे ती जराशी सरकली की ओढ वाढते आणि ती चिकटते. जराशी खाली गेली की ओढ घटते आणि ती पडते. म्हणून अंतर सतत मोजायचं, गोळी जवळ आली की प्रवाह कमी करायचा, लांब गेली की वाढवायचा. हे गव्हर्नरचंच काम.

पण एवढ्याने भागत नाही, आणि मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती हीच अडचण. गव्हर्नर बसवलेली इंजिनंही कधी कधी झोके खात: वेग खाली, वर, पुन्हा खाली. दुरुस्ती उशिरा पोचे आणि गरजेपेक्षा जास्त होई. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये गव्हर्नरांवर निबंध लिहून हे झोके कधी विरतात आणि कधी वाढत जातात, याचं गणित मांडलं. गोळीचंही तसंच होतं. नुसतं अंतर पाहून प्रवाह बदलला तर ती थरथरते आणि शेवटी निसटते. ती किती वेगाने सरकते आहे हेही पाहावं लागतं. तरच ती लांब जाण्याआधी आवरता येते.

हीच युक्ती वापरणाऱ्या तरंगत्या रेल्वेचं पेटंट जर्मनीत हर्मान केम्परला 1934 मध्ये मिळालं. शांघायची गाडी त्याच शाखेतली: 2004 पासून प्रवासी नेणारी, ताशी 430 किलोमीटर वेग गाठलेली, चुंबक आणि मार्गात फट जेमतेम 10 मिलिमीटर. 2015 मध्ये ताशी 603 किलोमीटर धावलेली जपानी गाडी दुसऱ्या शाखेची. तिच्या अतिसंवाहक चुंबकांच्या धावण्याने मार्गातल्या वेटोळ्यांत प्रवाह उठतो आणि तोच तिला तोलतो. त्यामुळे ती सुटताना चाकांवर धावते आणि पुरेसा वेग आल्यावरच उचलली जाते. शांघायची गाडी मात्र स्थानकात उभी असतानाही तरंगू शकते, कारण तिचा प्रवाह फट पाहून क्षणोक्षणी बदलत असतो.