वर्तुळवाट आणि तिच्या खुणा : एक ऐतिहासिक टिपण

मराठीत 'वाट' हा शब्द बहुधा कोणत्या तरी स्थळाच्या आधाराने उभा असतो. गावाची वाट, पाणवठ्याची वाट, घाटाची वाट असे आपण म्हणतो. वाट कोठे जाते हे ठाऊक नसेल तर तिला 'आडवाट' म्हणून बाजूला सारतो. चालता चालता माणूस फिरून मूळ जागी आला, तर त्याला वाट सापडली असे कोणी म्हणत नाही. त्याला 'चकवा' लागला, असेच आपल्या खेड्यापाड्यांतील लोक म्हणतात. प्रदक्षिणेत फिरून मूळ जागी येणे पुण्यप्रद मानले आहे हे खरे. परंतु तेथे मध्यभागी देवता असते आणि फेरा तिच्याभोवती असतो. मध्यभागी काही नसताना, कोठेही जावयाचे नसताना, केवळ चालण्यासाठी आखलेली आणि निघाल्या जागी आणून सोडणारी वाट ही आपल्या शब्दसृष्टीला अपरिचित अशी वस्तू होय. व्युत्पत्तीकडे पाहिले तर मात्र 'वाट' (संस्कृत वर्त्मन्, प्राकृत वट्ट) आणि 'वर्तुळ' हे दोन्ही शब्द 'वृत्' या एकाच धातूपासून निघालेले आहेत. अशा वाटेस 'वर्तुळवाट' म्हणावयास त्यामुळे हरकत नसावी.

अमेरिकेतील राज्य-उद्यानांत अशा वर्तुळवाटा आज विपुल आहेत. मोटार उभी करण्याच्या जागेपासून निघावे, झाडांवर रंगविलेल्या एकाच रंगाच्या खुणा पाहत डोंगर चढावा व उतरावा, आणि सायंकाळपूर्वी त्याच जागी परत यावे, असा तेथील एका दिवसाच्या पदभ्रमणाचा परिपाठ आहे. हा परिपाठ इतका सहज झाला आहे की त्यास इतिहास असेल अशी शंकाही चालणाऱ्यास येत नाही. प्रस्तुत टिपणात न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर असलेल्या बेअर माउंटन व हॅरिमन या दोन लगतच्या राज्य-उद्यानांच्या आधारे तो इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. या वाटांनी काय दिले आणि कशाची जागा घेतली, हे दोन प्रश्न त्यात मुख्य आहेत.

तत्पूर्वी फ्रान्समधील एका पूर्वपीठिकेचा उल्लेख आवश्यक आहे. पॅरिसजवळील फोंतेनब्लोचे अरण्य हे राजांचे मृगयावन होते. क्लोद फ्रांस्वा देनकूर (१७८८–१८७५) हा नेपोलियनच्या सैन्यातील निवृत्त शिपाई तेथे स्थायिक झाला. १८३९ मध्ये त्याने या अरण्याची पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि १८४२ पासून स्वतःच्या पैशाने तेथे पायवाटा काढण्यास आरंभ केला. आपल्या हयातीत त्याने सुमारे १५० किलोमीटर वाटा सिद्ध केल्या, त्यांवर निळ्या खुणा रंगविल्या, आणि शेकडो खडकांना व वृक्षांना नावे दिली. १८४९ मध्ये फोंतेनब्लोपर्यंत लोहमार्ग आला आणि पॅरिसचा सामान्य नागरिक सकाळी निघून रात्री घरी परतू शकू लागला. देनकूरच्या बहुतेक वाटा फेरीच्या स्वरूपाच्या आहेत, याचे कारण या परिस्थितीत शोधता येते : येणाऱ्याचे गाव पॅरिस होते, अरण्यात त्याला कोठे पोहोचावयाचे नव्हते, आणि संध्याकाळची गाडी त्याला गाठावयाची होती. जेथे येण्याचे व परतण्याचे स्थान एकच असते तेथे वर्तुळवाट जन्मास येते. हे तत्त्व पुढील विवेचनातही उपयोगी पडेल.

आता हडसनतीराकडे वळू. नदीकाठच्या पॅलिसेड्स नामक उंच कड्यांचा दगड खाणवाले फोडून नेत होते. तो विध्वंस थांबविण्यासाठी १९०० मध्ये न्यूयॉर्क व न्यूजर्सी या दोन राज्यांनी मिळून एक आयोग नेमला. पुढे न्यूयॉर्क राज्याने सिंग सिंग येथील तुरुंग बेअर माउंटन येथे हलविण्याचे ठरविले. लोहमार्गांचे धनाढ्य चालक एडवर्ड हॅरिमन यांची विधवा पत्नी मेरी हॅरिमन यांनी १९१० मध्ये दहा हजार एकर जमीन व दहा लक्ष डॉलर देऊ केले. तुरुंगाची योजना सोडून द्यावी ही त्या दानाची अट होती. ती मान्य झाली, आणि कैद्यांसाठी योजिलेली भूमी नगरवासीयांच्या विहारास मोकळी झाली.

या उद्यानाची उभारणी मेजर विल्यम वेल्च या अभियंत्याच्या देखरेखीखाली झाली. ऑक्टोबर १९२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क शहरातील पदभ्रमण मंडळांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि वाटांच्या कामासाठी त्यांनी एक परिषद स्थापिली. न्यूयॉर्क–न्यूजर्सी ट्रेल कॉन्फरन्स या नावाने ती आजही कार्य करीत आहे. विशेष हा की, भूमी राज्याची असली तरी वाटा आखण्याचे, त्या स्वच्छ ठेवण्याचे व खुणा रंगविण्याचे काम स्वयंसेवकांनी पत्करले. कचेऱ्यांत आणि शाळांत काम करणारी ही माणसे शनिवार-रविवारी कुऱ्हाड व रंगाचा डबा घेऊन डोंगरात येत. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेले 'न्यूयॉर्क वॉक बुक' हे याच वर्तुळातील रेमंड टॉरी, फ्रँक प्लेस व रॉबर्ट डिकिन्सन यांचे पुस्तक होय. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये ज्या अॅपलेशियन दीर्घमार्गाची कल्पना मांडली, त्याचा अगदी पहिला भाग १९२३ मध्ये याच उद्यानात खुला झाला.

परंतु या परिषदेची पहिली वाट वर्तुळाकार नव्हती, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९२०–२१ मध्ये सिद्ध झालेली रामापो–डंडरबर्ग वाट वीस मैलांहून अधिक लांब असून ती हडसनकाठच्या जोन्स पॉइंटपासून पश्चिमेकडील टक्सीडो या गावापर्यंत जाते. या दोन्ही टोकांस त्या काळी आगगाडी थांबत असे. एका स्थानकावर उतरावे, डोंगर ओलांडावा आणि दुसऱ्या स्थानकावर गाडी पकडावी, अशी ही रचना होती. म्हणजे वाट लोहमार्गाच्या वेळापत्रकाला बांधलेली होती. पुढे मोटारीचा प्रसार झाला. डोंगरातून रस्ते झाले, १९४७ ते १९५८ या काळात पॅलिसेड्स पार्कवे हा महामार्ग बांधला गेला, आणि १९५९ मध्ये हडसनच्या पश्चिम तीरावरील प्रवासी गाड्या बंद पडल्या. मोटार जेथे ठेवली तेथेच परतणे आता भाग होते. लांब वाटांचे तुकडे परस्परांना जोडून फेऱ्या आखण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. फोंतेनब्लोत जे कार्य लोहमार्गाच्या एका स्थानकाने केले, ते येथे मोटारतळाने केले, असे म्हणता येईल.

आता खुणांकडे पाहू. झाडावरील खुणेस इंग्रजीत 'ब्लेझ' म्हणतात. घोड्याच्या कपाळावरील पांढऱ्या पट्ट्यासही हाच शब्द आहे. रानात शिरणारा माणूस कुऱ्हाडीने झाडाची साल तासून आतील पांढरे लाकूड उघडे करी, व ती पांढरी जागा दुरून दिसे, म्हणून हा शब्द खुणेस लागला. आरंभीची खूण ही अशा रीतीने झाडावरील जखम होती. रंग हा त्या जखमेचा सौम्य पर्याय होय. या खुणांस स्वतःचे असे लहानसे व्याकरणही आहे. एकच पट्टा म्हणजे 'पुढे चला'. एकावर एक दोन पट्टे म्हणजे 'वळण आले'. वरचा पट्टा ज्या बाजूस सरकलेला असेल त्या बाजूस वळावे. तीन पट्ट्यांचा समूह वाटेचा आरंभ अथवा शेवट दाखवितो. रंगाचा अर्थ केवळ संकेताने ठरतो : लाल वाट अवघड आणि निळी सोपी असा काही नियम येथे नाही, जवळच्या दुसऱ्या वाटेपासून ती वेगळी कळावी एवढेच रंगाचे प्रयोजन आहे. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासूनच्या भेदात असते, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित असलेले तत्त्व येथे झाडांच्या सालीवर पाहावयास मिळते. भाषेहून एक फरक मात्र मोठा आहे. या चिन्हव्यवस्थेत वाचकास उत्तर देता येत नाही, आणि प्रश्नही विचारता येत नाही.

वाट हीच वाचण्याची वस्तू बनली, याचा आणखी एक पुरावा याच परिसरात मिळतो. अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे कीटकशास्त्रज्ञ फ्रँक लुट्झ यांनी १९२५ मध्ये टक्सीडोजवळ दोन लहान निसर्गवाटा तयार केल्या. पहिलीवर वृक्ष, कीटक व वनस्पती यांची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. तिचे नाव 'शिक्षणवाट'. दुसरीवर केवळ प्रश्न होते, ती 'परीक्षावाट'. १९२७ मध्ये बेअर माउंटन येथे वाटेलगतचे संग्रहालय उभे राहिले. अमेरिकेतील उद्यानांतून आज सर्वत्र दिसणाऱ्या माहितीफलकांच्या परंपरेतील हा एक आरंभीचा टप्पा होय. अज्ञात प्रदेशात गेलेल्या नगरवासीयास रानाची ओळख कोणा रानात राहणाऱ्याने करून द्यावी, ही गरज अशा रीतीने संपली. ते काम चिठ्ठीने केले.

रानात राहणारे लोक मात्र तेथे होते, आणि येथेच या इतिहासातील कळीचा प्रश्न उपस्थित होतो. हॅरिमनची भूमी निर्जन अरण्य नव्हती. तेथील स्थलनामे पाहिली तरी हे कळते. रामापो, पोपोलोपेन ही नावे या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे लेनापे लोकांच्या, भाषाकुलाकडे बोट दाखवितात. डंडरबर्ग म्हणजे डच भाषेत 'गडगडाटाचा डोंगर', आणि ओढ्यांच्या नावांना लागणारा 'किल' हा शब्दही डचच आहे. त्यांवर इंग्रजी नावांचा तिसरा थर आहे. या डोंगरांत लोखंडाच्या खाणी होत्या, भट्ट्यांसाठी कोळसा पाडणारे होते, शेते व गुरे होती. आजच्या पुष्कळ वाटा खाणींच्या व लाकूडतोड्यांच्या जुन्या गाडीवाटांवरून जातात. म्हणजे कोठे तरी जाणाऱ्या वाटांचे तुकडे घेऊन कोठेही न जाणारी वाट बनविली गेली.

बेअर माउंटनच्या पायथ्याशी असलेल्या डूडलटाउन या वस्तीची कथा या दृष्टीने बोलकी आहे. अठराव्या शतकापासून तेथे कुटुंबे नांदत होती. ६ ऑक्टोबर १७७७ रोजी ब्रिटिश सैन्य हडसनवरील किल्ल्यांवर चालून जाताना या वस्तीतून गेले. गावाचे नाव त्या सैनिकांच्या 'यांकी डूडल' या गाण्यावरून पडले, अशी लोकसमजूत आहे. 'मृत दरी' अशा अर्थाच्या डच शब्दांपासून ते आले असावे हे दुसरे मत, सभोवतीची डच नावे पाहता, अधिक संभवनीय वाटते. उद्यानाचा विस्तार होत गेला तशी येथील घरे एकेक करून राज्याने घेतली, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत उरलेल्या रहिवाशांनाही जावे लागले. घरे पाडली गेली. आज तेथे जोती, पायऱ्या, दफनभूमी आणि रानात शिरणारे जुने रस्ते उरले आहेत. ब्रिटिश सैन्याच्या एका दिवसाच्या कूचमार्गास '१७७७' हे वर्ष नाव म्हणून मिळाले व त्यावर खुणा रंगविल्या गेल्या. जे लोक सुमारे दोन शतके त्याच वाटांनी पाण्याला, शाळेला व देवळाला गेले, त्यांच्यासाठी पुढे जोत्यांजवळ माहितीफलक लागले.

हे लिहिताना उद्यानाच्या कर्त्यांस दोषी ठरविण्याचा हेतू नाही. खाणवाल्यांपासून कडे वाचले, तुरुंगाऐवजी अरण्य राहिले, आणि दमट, दाट वस्तीच्या शहरातील लक्षावधी माणसांना अल्प खर्चात डोंगर लाभला, हे त्यांचे मोठे ऋण आहे. खुणेने एक प्रकारची समताही आणली. वाटाड्या ठेवण्याची ऐपत नसलेला, तेथील भाषा नीट न येणारा, नुकताच बोटीतून उतरलेला परदेशी कामगारही खुणा पाहत निर्धास्त फिरू शकला. या स्वातंत्र्याची किंमत कोणी दिली, एवढेच विचारावयाचे आहे.

वर्तुळवाटेचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून तीन प्रश्न नेहमी जवळ ठेवावेत : फेरी जेथून निघते ती जागा कोणत्या वाहनाने ठरविली? खूण कोणाच्या हाताने रंगविली गेली? आणि खुणेखालची वाट पूर्वी कोठे जात होती? पहिल्या दोहोंची उत्तरे परिषदांच्या इतिवृत्तांत व मार्गदर्शिकांत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा जमिनीवर, जोत्यांच्या दगडांत व स्थलनामांत शोधावे लागते.

मराठीत 'वाट विचारणे' हा प्रयोग आहे, आणि त्यात दोन माणसे गृहीत धरलेली आहेत : एक वाट चुकलेला आणि दुसरा तेथेच राहणारा. खूणबद्ध वर्तुळवाटेने पहिल्याची चिंता दूर केली. डूडलटाउनच्या उंबरठ्यांवरून आज चालणाऱ्यास वाट विचारावी लागत नाही. आणि विचारावीशी वाटली तरी ती सांगावयास तेथे कोणी राहत नाही.