कापसाने वसवलेली पेठ

बाहेरगावचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "तुमच्या यवतमाळात बघण्यासारखं काय आहे?" किल्ला नाही, राजवाडा नाही, नदीचा घाटही नाही. अशा वेळी मी त्यांना दत्त चौक, मेन लाइन, गांधी चौक आणि आझाद मैदान असा फेरफटका मारायला नेतो. ही गजबजलेली पेठच आमचं प्रेक्षणीय स्थळ. मात्र तिची गोष्ट ठाऊक नसेल, तर नुसती गर्दीच दिसते.

यवतमाळचं जुनं नाव यवत किंवा यवता. परगण्याचं ठाणं म्हणून त्याला 'महाल' जोडलं गेलं आणि बोलता बोलता त्याचं 'माळ' झालं, असं गॅझेटियर सांगतं. 'ऐन-ई-अकबरी'त हा परगणा 'योत-लोहारा' या नावाने येतो. त्यातलं लोहारा आजही शहराच्या पश्चिमेला आहे.

गावाचं नशीब पालटलं ते १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर. १८६४ मध्ये वेगळा जिल्हा झाला. पुढे त्याला नाव मिळालं वणीचं, पण कचेरी राहिली यवतमाळला! यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ साली मिळालं. कचेरीमागून कोर्ट आलं, वकील आले, कारकून आले आणि त्यांच्यासाठी दुकानं आली.

पण पेठ खऱ्या अर्थाने उभी केली ती कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. यवतमाळला जवळचं स्टेशन धामणगाव, तेही २९ मैलांवर. गावात सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस सुरू झाले. १८९४ मध्ये नगरपालिका कायम झाली. १९०१ च्या खानेसुमारीत गावाची वस्ती होती अवघी १०,५४५. तरीही जिल्ह्यातली मुख्य बाजारपेठ हीच होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे आली. तीच आपली 'शकुंतला'. कापूस मुख्य मार्गावर नेऊन मुंबई बंदराकडे पाठवायचा, हा तिचा हेतू. गंमत पाहा, तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. ते १९९४ पर्यंत धावलं. आता शकुंतलाही थांबली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला.

पैशाबरोबर या पेठेत विचारही आला. लोकनायक बापूजी अणे यांनी १९०८ मध्ये इथे वकिली सुरू केली. त्यांनी काढलेल्या साप्ताहिकाला 'लोकमत' हे नाव सुचवलं लोकमान्य टिळकांनी. जुलै १९३० मध्ये जिल्ह्यात जंगल सत्याग्रह पेटला. बापूजींनी पुसदला कायदा मोडला, तर डॉ. हेडगेवारांनी लोहाऱ्याच्या जंगलात. १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं. नवरात्रातला इथला दुर्गोत्सव बघायला तर दूरदूरहून माणसं येतात. त्या रात्री चौकाचौकांत पाऊल ठेवायला जागा नसते.

२०१९ मध्ये पुन्हा संमेलन आलं. त्याचं उद्घाटन झालं कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हातून. मला तो प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ज्या कापसावर ही पेठ मोठी झाली, त्याच कापसाचं पीक घेताना कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं घर त्या दिवशी व्यासपीठावर आलं. आपल्या गावाचा इतिहास सांगताना आपल्याला वकील आठवतात, पुढारी आठवतात, व्यापारी आठवतात. बंडी भरून कापूस आणणारा मात्र राहून जातो.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. शकुंतलेच्या खुणा, एखादा जुना जिन, तोलाचा काटा, जे काही उरलं असेल ते जपावं. शेजारी एक साधी पाटी लावावी: ही पेठ कापसाने वसवली आणि तो कापूस अमुक अमुक गावांहून येत असे. निदान त्या गावांची नावं तरी शाळेतली पोरं वाचतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)