आजोबांची तंबाखूची बादली

जुन्नरच्या घरी मोत्याला गोचिड्या झाल्या की आजोबा तंबाखू रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी त्या पाण्याने त्याला पुसून काढायचे. वर म्हणायचे, "पूर्वापार चालत आलंय!" परवा आमच्या पुण्यातल्या चिकूवर हाच प्रयोग करणार होतो. म्हटलं, आधी जरा खोदून बघू, पूर्वापार म्हणजे नक्की कधीपासून?

तर मंडळी, तंबाखू मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे आणला पोर्तुगीजांनी. अकबराच्या दरबारातल्या असद बेगने तो विजापुरात पाहिला आणि १६०४-०५ च्या सुमारास बादशहासमोर नेला. शिवनेरीवर शिवजन्म झाला १६३० साली. म्हणजे आपलं 'पूर्वापार' साधारण चारशे वर्षांचं!

बरं, उपाय चालतो का? चालतो. निकोटिन किड्यांच्या मज्जासंस्थेवरच घाव घालतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोटिन सल्फेट पिकांवर फवारायचे. गोची अशी, की ते कुत्र्यालाही विषारीच, आणि कुत्रं अंग चाटणारच. १९९० च्या दशकात आलेलं इमिडाक्लोप्रिड याच वाटेने जातं, पण किड्याला जास्त बाधतं, कुत्र्याला खूपच कमी. पिसवांसाठी मानेवर टाकायच्या काही थेंबांत तेच असतं. आजोबांची दिशा बरोबर होती, नेम चुकत होता.

मोत्या एकदा अशा पुसण्यानंतर दिवसभर लाळ गाळत, थरथरत पडून होता. आम्ही म्हटलं, ऊन लागलं असेल. आता तसं वाटत नाही.

असो. चिकूला डॉक्टरांकडे नेलं. तंबाखूची पुडी कचऱ्यात.