बारा मुलं

आपल्याकडे मूल उशिरा बोलायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "अगं, याचा काकाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. थांब जरा." मीसुद्धा हे म्हटलंय. म्हणूनच ही गोष्ट वाचली आणि चार दिवस डोक्यातून गेली नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हॅरल्ड स्कील्स नावाचे मानसशास्त्रज्ञ अनाथाश्रमातल्या मुलांच्या चाचण्या घेत. तिथे दोन मुली होत्या. एक १३ महिन्यांची, दुसरी १६ महिन्यांची. बुद्ध्यंक ४६ आणि ३५. त्या सुधारणार नाहीत असं ठरवून त्यांना मतिमंद (तेव्हाचाच शब्द) प्रौढांच्या संस्थेत पाठवलं गेलं. सहा महिन्यांनी स्कील्स तिथे गेले तेव्हा त्यांना त्या ओळखूच येईनात! हसणाऱ्या, खेळणाऱ्या, धावपळ करणाऱ्या पोरी. बुद्ध्यंक ७७ आणि ८७. औषध वगैरे काही नव्हतं. वॉर्डातल्या बायकांनी त्यांना उचललं, खेळवलं, त्यांच्याशी गप्पा मारल्या. बस्स.

मग स्कील्सनी तीन वर्षांखालची आणखी मुलं अशीच पाठवली. एकूण १३ झाली. त्यांचा बुद्ध्यंक सरासरी २८ गुणांनी वाढला. अनाथाश्रमातच राहिलेल्या १२ मुलांचा सरासरी २६ गुणांनी घसरला. आणि ही बारा मुलं सुरुवातीला त्या तेरांपेक्षा बरी होती!

हे १९३९ साली छापून आलं. बुद्धी जन्मजात आणि कायमची, असं मानणाऱ्या लुईस टर्मनसारख्या मोठ्या मंडळींनी ते मोडीत काढलं. पुढे स्कील्सनी या सगळ्या मुलांचा शोध घेतला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. तेराच्या तेरा जण स्वतःच्या पायांवर उभे होते. बारांपैकी एक किशोरवयातच संस्थेत वारला होता, आणि चार जण अजूनही संस्थेतच होते.

अभ्यासात त्रुटी होत्याच. मुलं थोडी, शिवाय तेरापैकी अकरांना पुढे दत्तक घर मिळालं. आणि प्रत्येक मुलाचा विलंब मायेच्या अभावाने होत नाही. कुठे ऐकू येत नसतं, कुठे स्वमग्नता असते. आईबापांना दोष देण्यासाठी ही गोष्ट मुळीच नाही. पण पहिली वर्षं फुकट घालवू नयेत, ही जाणीव हळूहळू रुजली. १९८६ मध्ये अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या सेवांसाठी कायदा झाला. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत मुलांची तपासणी करायची आणि विकासात मागे वाटणाऱ्यांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं, अशी त्याची रचना.

मला मात्र त्या बारा मुलांचंच वाटत राहतं. त्यांना कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. त्यांच्यासाठी कुणी काही केलं नाही, इतकंच.

असो. यापुढे कुणाच्या घरी "थांब जरा" म्हणण्याआधी मीच जरा थांबणार आहे. तपासून घ्या, म्हणेन. काही नसलं तर उत्तमच, एक फेरी वाया जाईल. काकाचं काय, काका बोलला... पण न बोललेल्यांची गोष्ट आपल्याला सांगतंय कोण?